पंचेचाळीस किलोमीटरचं भूत

“बिरसीला विमानं सुरू झाली ना, आता आपल्या जिल्ह्यात ड्रोन बंद. पंचेचाळीस किलोमीटरचा नियम आहे.” लग्नसराई आली की भंडाऱ्यात हे वाक्य कानावर पडतंच. मंडपवाला सांगतो, शूटिंगवाला सांगतो आणि ज्याला ड्रोनचे पैसे वाचवायचे असतात तो वरबाप तर ठासून सांगतो.

हा आकडा अगदीच बिनबुडाचा नाही. पूर्वी विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा, म्हणजे परवानगी घेऊनच उडवण्याचा भाग, ४५ किलोमीटरपर्यंत होता. पण २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित केले आणि तो पट्टा विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरवर आणला. पत्र सूचना कार्यालयाच्या तेव्हाच्या निवेदनात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिलेले आहेत. नियम बदलून इतकी वर्षं झाली, भूत मात्र उतरायला तयार नाही.

आता अंतरं मोजा. भंडारा शहर ते गोंदियाजवळचा बिरसी विमानतळ सरळ रेषेत ७५ किलोमीटरच्या आसपास, तुमसर सुमारे ६०. दुसऱ्या बाजूचा नागपूरचा विमानतळही भंडाऱ्यापासून साठाच्या घरात. दोन्हीकडची १२ किलोमीटरची वर्तुळं काढली तरी भंडारा जिल्ह्याची शीवसुद्धा त्यांच्यात येत नाही.

शिवाय या पट्ट्याचा प्रवासी विमानांशी संबंधच नाही. विमानतळ चालू आहे की नाही, एवढंच नियम विचारतो. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. मार्च २०२२ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानं उडत होती. शिकाऊ वैमानिकाच्या वाटेत ड्रोन आला तर धोका काय कमी असतो?

भंडाऱ्याच्या पायलटला बिरसीची काळजी करायची असेल तर ती गोंदियाची ऑर्डर घेतल्यावर. गोंदिया शहर बिरसीपासून साधारण १२ किलोमीटरवर आहे. म्हणजे एक लॉन पट्ट्याच्या आत, दुसरं बाहेर, असं सहज होऊ शकतं. ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत २०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. त्याच्या वर हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारायचं. ८ किलोमीटरच्या आत आलात तर परवानगीशिवाय ड्रोन पेटीतून काढूच नका. धावपट्टीजवळ तर सरकारचा ड्रोन-नकाशा लालच होतो, आणि तिथली परवानगी केंद्र सरकारची.

अंतरावर एवढा वाद घालणारे उंचीबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. हिरव्या भागातली, म्हणजे परवानगीशिवाय उडवण्याच्या भागातली, मोकळीक जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंतच आहे. त्याच्या वरचं आकाश भंडाऱ्यातसुद्धा पिवळंच. आणि ड्रोनच्या स्क्रीनवर दिसते ती उंची बहुधा उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. अंबागडच्या किल्ल्यावरून ड्रोन सोडला आणि तो खालच्या शेतांवर नेला, तर स्क्रीनवर १०० मीटरच दिसतील. डोंगराची उंची त्यात मिळवायची कोणी? मोकळ्या मुलखावर वैमानिकाला साधारण ५०० फुटांपर्यंत खाली येता येतं. ४०० ची मर्यादा त्याच्याखाली थोडी फट राहावी म्हणून आहे.

बाकीच्या समजुती एकेका वाक्यात निकालात काढता येतात. ‘विमानतळ नाही, म्हणजे जिल्हाभर मोकळं रान’ हेही चूक: जवाहरनगरची आयुध निर्माणी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार निषिद्ध ठिकाण आहे, आणि नागझिरा-कोका अभयारण्यांत वनविभागाला विचारल्याशिवाय ड्रोन नेता येत नाही. ‘अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला काहीच लागू नाही’: रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण लाल भाग त्यालाही लालच. ‘दोन किलोपर्यंत प्रमाणपत्र नको’: हौसेसाठी नको, पण लग्नाचे पैसे घेता म्हणजे धंदा झाला. ‘धानावर फवारणीसाठी विमानतळाची परवानगी लागते’: हिरव्या भागात पिकाच्या डोक्यावरून काही फुटांवर फिरणाऱ्या ड्रोनला नाही लागत, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र मात्र हवं. आणि संध्याकाळी आभाळात पांढऱ्या रेघा ओढत जाणारी विमानं ‘बिरसीची’ नाहीत हो! ती तीस-पस्तीस हजार फुटांवरून दूरच्या शहरांकडे चाललेली असतात.

नकाशा कायमचा नसतो, हे तर फारच थोड्यांना माहीत आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. म्हणूनच प्रत्येक उड्डाणाआधी डिजिटल स्कायवर, म्हणजे हा नकाशा असलेल्या सरकारी मंचावर, निर्बंध तपासणं नियमानेच बंधनकारक आहे, आणि नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गेल्या महिन्याचा स्क्रीनशॉट पुढे करून पोलिसांशी हुज्जत घालू नका. त्या दिवशी सकाळी नकाशात काय होतं, तेवढंच ते विचारणार.