नावावरून पेटलेला वाद

जानेवारी २००८. स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जिवाणू सापडला. हा रुग्ण त्याआधी नवी दिल्लीत रुग्णालयात राहून आला होता. आयसीयूतली राखीव औषधे समजली जाणारी कार्बापेनेमही या जिवाणूपुढे थिटी पडत होती. त्यांना निकामी करणाऱ्या विकराला २००९ साली नाव मिळाले : न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, म्हणजे एनडीएम-१.

ऑगस्ट २०१० मध्ये ब्रिटनच्या 'लॅन्सेट'च्या संसर्गविषयक नियतकालिकात एनडीएम-१विषयी मोठा शोधनिबंध आला आणि दिल्लीत गहजब झाला. वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा डाव, असा सूर संसदेपर्यंत पोचला. राजधानीचे नाव रोगाशी जोडले गेल्याचा राग समजण्यासारखा होता. 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी पुढे त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पण त्या आरडाओरड्यात मुंबईचा आवाज दबला. हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला न जुमानणारे २४ नमुने तपासले होते, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होते. त्यांचा निबंध छापला गेला मार्च २०१० मध्ये, 'लॅन्सेट'च्या आधी, आणि तोही भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात. घरातल्याच माणसाने सांगितले होते. परक्याने सांगेपर्यंत कोणी कान दिला नाही, एवढेच.

एनडीएम-१ घडवणारे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, बसून एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत शिरते. त्यामुळे वॉर्डातले हात धुतले तरी प्रश्न वॉर्डात संपत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीत साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ते आढळले, नळाच्या पाण्याच्या ५० पैकी दोनांत.

२०१२ साली चेन्नईत या प्रश्नावर डॉक्टर मंडळी जमली. चोख नसला तरी राबवता येईल असा उपाय हवा, ही त्यांची भूमिका मला आजही शहाणपणाची वाटते. चिठ्ठीशिवाय एकही प्रतिजैविक नाही, असा सरसकट नियम जिथे डॉक्टरच नाही त्या गावात कसा चालायचा? मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची लागू झाली : यादीतल्या औषधांच्या वेष्टनावर लाल चौकट, आणि केमिस्टाने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव लिहून ती वही तीन वर्षे जपायची. २०१७ साली प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ साली कोंबड्यांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर बंदी आली. कार्बापेनेम हरल्यावर डॉक्टर ज्याच्याकडे वळत होते, तेच हे जुने, मूत्रपिंडाला जड जाणारे औषध.