लेक जोरात पिचिंग करते, समोर झेलायचं कसं? सॉफ्टबॉलच्या वेगाचं गणित आणि आई-बाबांची सुरक्षा

वाईसारख्या तालुक्याच्या गावात मुलगी सॉफ्टबॉलमध्ये पिचर असेल, तर घरात एक प्रश्न ठरलेला असतो. धावायचा सराव रस्त्यावर होतो, बॅटचा सराव दोरीला बांधलेल्या बॉलवरही होतो. पण पिचरला समोर झेलणारं माणूस लागतंच. शाळेच्या संघातली कॅचर संध्याकाळी तिच्या घरी गेलेली असते, जिल्हा क्रीडा संकुल पस्तीसेक किलोमीटरवर साताऱ्यात. मग उरतात बाबा, नाहीतर आई. साताऱ्याच्याच अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जगज्जेतेपद मिळवलं, पण तिच्या सरावासाठी आई-वडिलांना निशाण्याच्या जागी बसावं लागत नव्हतं. सॉफ्टबॉलमध्ये नेमकं तेच करावं लागतं.

मुलगी बारा वर्षांची असताना यात काही विशेष वाटत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी खांदे भरतात, विंडमिलची लय बसते आणि एक दिवस बॉल असा येतो की तळहात रात्रभर ठणकतो. बाबा काही बोलत नाहीत. पण मुलीला कळतं आणि ती हातचं राखून टाकायला लागते. माझ्या मते खरं नुकसान इथे सुरू होतं, कारण पूर्ण जोराने टाकल्याशिवाय वेगही वाढत नाही आणि नियंत्रणही येत नाही. म्हणून झेलणाऱ्याची सुरक्षा हा पिचरच्या सरावाचाच भाग समजायला हवा.

नावात सॉफ्ट, हातात नाही

१८८७ मध्ये शिकागोत हा खेळ सुरू झाला तेव्हा बॉल खरंच मऊ होता. आजचा नाही. त्याचा घेर १२ इंच असतो, म्हणजे व्यास साधारण ९.७ सेंटिमीटर, आणि वजन १७७ ते १९८ ग्रॅम. क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे सॉफ्टबॉल मोठा तर आहेच, शिवाय जडही आहे.

आता अंतर बघा. महिलांच्या सामन्यात पिचिंग प्लेटपासून होम प्लेटपर्यंत ४३ फूट असतात. पिचर पुढे झेप घेऊन बॉल सोडते, त्यामुळे त्यातले पाच-सहा फूट कमी होतात. उरतात ३७ फूट, म्हणजे साधारण ११.३ मीटर. मुलगी ताशी ८० किलोमीटरने टाकत असेल तर बॉल अर्ध्या सेकंदात तुमच्यापाशी पोचतो. क्रिकेटमध्ये इतक्याच वेळात बॉल बॅट्समनपर्यंत पोचवायला बोलरला ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास टाकावं लागतं. डोळ्यांनी पाहून हात हलायला सुरुवात व्हायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो. उरलेल्या वेळात ग्लोव्ह योग्य जागी न्यायचा. जगातल्या वेगवान पिचरचं तर विचारूच नका: अमेरिकेच्या मोनिका ॲबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे जवळजवळ १२४ किलोमीटर वेगाने बॉल टाकला होता.

हात का ठणकतो?

१९० ग्रॅमचा बॉल ताशी ८० किलोमीटरने येतो तेव्हा त्यात साधारण ४७ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचं वजन पावणेपाच मीटर उंचीवरून, म्हणजे दीड मजल्यावरून, सोडल्यासारखं. ही ऊर्जा किती अंतरात थांबवता, यावर सगळं अवलंबून आहे. हात ताठ ठेवून बॉल २ सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल २४० किलो वजनाइतकं भरतं. तोच बॉल जाड मिटमध्ये, कोपर सैल ठेवून, १० सेंटिमीटरमध्ये थांबवला तर ते ४८ किलोवर येतं. म्हणजे पाचपट फरक.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६५ वरून ८० म्हणजे वेग २३ टक्के वाढला, पण मार दीडपट झाला. गेल्या वर्षी चालत होतं म्हणून यंदाही चालेल, हा हिशोब इथे लागू पडत नाही.

मोबाईलवर वेग मोजा

यासाठी रडार गन घ्यायची गरज नाही. मोबाईल बाजूला, पिचर आणि झेलणारा दोघंही दिसतील असा स्टँडवर ठेवा आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. बॉल हातातून सुटला ती फ्रेम आणि ग्लोव्हला लागला ती फ्रेम शोधा, मधल्या फ्रेम मोजा. अंतर ११.३ मीटर धरलं तर ९७६० ला फ्रेमच्या संख्येने भागायचं, उत्तर थेट ताशी किलोमीटरमध्ये येतं. १६० फ्रेम म्हणजे ६१, १४० म्हणजे ७०, १२० म्हणजे ८१, १०० म्हणजे जवळजवळ ९८. हा सरासरी वेग आहे, हातातून सुटतानाचा वेग थोडा जास्त असतो.

चूक बहुतेक वेळा अंतरात होते. फूटभर इकडेतिकडे झालं तर उत्तर अडीच टक्क्यांनी बदलतं, म्हणून टेप लावून मोजा. काही स्वस्त फोन मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने भरतात. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच चालू करून त्याचा स्लो मोशन घ्या: आकडे अडखळत किंवा पुसट होत सरकले तर त्या फोनवर भरवसा ठेवू नका. महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहिलं की आपल्याला कधी काय बदलायचं ते कळतं. मुलीलाही आकडा बघायला आवडतो, हा वेगळा फायदा.

अंगावर काय हवं

सगळ्यात आधी कॅचर मिट. बोटं वेगळी नसलेला, जाड गादीचा, आणि सॉफ्टबॉलसाठीचा, कारण बेसबॉलच्या मिटचा खळगा या बॉलला लहान पडतो. बॉल तळहातावर नाही, अंगठा आणि तर्जनीमधल्या जाळीत घ्यायचा. वर्षानुवर्षं तळहातावर झेलणाऱ्या कॅचरच्या तर्जनीचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. सरावानंतर बोट पांढरं, गार किंवा बधिर पडत असेल तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

क्रिकेटचं सामान घरोघरी असतं, त्यातलं काय चालेल? विकेटकीपिंगचे ग्लोव्ह नकोत, ते लहान बॉलसाठी आणि दोन हातांनी झेलण्यासाठी असतात. हेल्मेट तात्पुरतं चालेल. जाळी घट्ट बसवलेली असेल तर एवढा मोठा बॉल तिच्यातून आत येत नाही. पण गळा उघडा राहतो, आणि टप्पा पडून उसळलेला बॉल नेमका तिथेच येतो. म्हणून गळ्याचं संरक्षण असलेला कॅचरचा मास्क लवकरात लवकर घ्यावा. कीपरचे आखूड पॅड नडगीला ठीक आहेत. पुरुषांनी गार्ड घालावा, यात लाजायचं काय? पायात चप्पल नको, बूट हवेत: ड्रॉप बॉल बोटांवरच पडतो. आई झेलणार असेल तर ओढणी काढून ठेवावी किंवा कमरेला घट्ट बांधावी. अंगावर छातीचं संरक्षक असावंच.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी चष्म्याची गोष्ट महत्त्वाची. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचायचा असतो, त्यातून खाली येणारा बॉल धूसर दिसतो. सरावासाठी फक्त लांबच्या नंबरचा, पॉलिकार्बोनेट काचांचा वेगळा चष्मा करून घ्या, तोही मास्कच्या आत.

बसायचं कसं

रिकाम्या रंगाच्या बादलीवर बसणं गुडघ्यांना बरं पडतं, पण बादलीवरून पटकन सरकता येत नाही. मुलगी नियमितपणे नेम धरत असेल तेव्हाच बादली. नवीन बॉल शिकत असेल तर उकिडवं बसा नाहीतर उभे राहा. मोकळा हात पाठीमागे किंवा घोट्यामागे, अंगठा मुठीत. बोटं मोडतात ती याच हाताची.

टाकण्याआधी बॉल कोणता ते मुलीने सांगायचं, आणि ग्लोव्ह वर आल्याशिवाय हात फिरवायचा नाही. सामन्यात खुणा कॅचर करते, घरी उलटं चालेल. राइज बॉलला मागे फिरणारी फिरकी असते, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली पडतो, आणि सुटतोही कमरेजवळून. तुमच्या डोळ्यांना तो वरच चढत येतो, थेट मास्कवर. ड्रॉप बॉल याच्या उलट. न सांगता आलेला राइज बॉल सवयीच्या कॅचरलाही चकवतो. दिवेलागणीला सराव थांबवा, बॉल पिवळा असला तरी.

धाकट्या भावाला मात्र समोर बसवू नका. लहान मुलांची छाती लवचिक असते. हृदयाच्या ठोक्याच्या एका ठरावीक क्षणी छातीवर बसलेला फटका हृदयाची लय बिघडवू शकतो. असं क्वचितच होतं, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत सगळ्यात धोकादायक वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास दिसला, म्हणजे शाळकरी पिचरच्या टप्प्यातलाच. साधं संरक्षक ते पूर्ण रोखेलच असं नाही, त्यासाठी नॉक्सी या अमेरिकी संस्थेचं वेगळं मानक आहे. छातीवर बॉल लागून कोणी कोसळलं आणि श्वास थांबला तर पाणी मारत बसू नका. लगेच छाती दाबायला सुरुवात करा, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

आणि जाळी

माझं मत सांगायचं तर वहीतला आकडा ८० ओलांडून गेला आणि तुम्ही स्वतः कधी खेळला नसाल, तर पूर्ण जोराचे बॉल जाळीत जाऊ द्या. दोन बांबू किंवा पाइप, त्यावर क्रिकेट नेटसाठीची नायलॉनची जाळी सैल टांगलेली, खालचा काठ जमिनीवर लोळणारा. ताणून बांधली तर बॉल उलटा येतो. पुढे दोन उभ्या रंगीत दोऱ्या ४३ सेंटिमीटर अंतरावर, कारण होम प्लेटची रुंदी तेवढीच असते, आणि दोन आडव्या मुलीच्या काखेच्या व गुडघ्याच्या उंचीवर. बाबांनी जाळीच्या मागे बसून नेम सांगावा, पण जाळीपासून दोन मीटर तरी लांब, कारण बॉल लागला की सैल जाळी चांगलीच मागे येते. वेग कमी ठेवून नवीन फिरकी शिकायचे दिवस मिट घालून समोर बसण्याचे.