मलई विकत न आणता मलईदार सूप

डिसेंबर लागला की आपल्या बाजारात गाजर, फ्लॉवर आणि मटारचे ढीग दिसू लागतात. त्याच दिवसांत किराणा दुकानातून सूपची पाकिटंही घरात यायला लागतात. ताजी भाजी स्वस्त असताना पाकिटातली पावडर पाण्यात ढवळायची, हे गणित आम्हाला काही पटत नाही. मुलांना हवं असतं ते हॉटेलसारखं दाट, गुळगुळीत सूप, आणि ते घरी जमत नाही असा अनेक घरांत समज आहे. ते जमतं, आणि त्यासाठी क्रीमचा डबासुद्धा आणावा लागत नाही.

आधी पाकिटाचं बोलू. शाळेत मुलांना आम्ही पाकीट उलटं करून वाचायला लावतो, तेच इथेही सांगतो. आपल्याकडे पाकिटावर घटक छापताना ज्याचं वजन जास्त ते आधी, असा नियम आहे. पहिली तीन-चार नावं वाचा. बऱ्याच पाकिटांवर कॉर्नफ्लॉवर, मैदा, साखर, मीठ हीच मंडळी पुढच्या रांगेत बसलेली दिसतील आणि सुकवलेली भाजी मागच्या बाकावर. मग सोडियमचा आकडा बघा. तो 100 ग्रॅम पावडरचा आहे की एका वाटी सूपचा, हे नीट पाहून घ्या आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ कळतं. समजा एका वाटीत 800 मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते झालं 2 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात दादींना नाहीतर अब्बांना बीपीची गोळी चालू असेल, तर एका वाटीत दिवसाचं जवळजवळ निम्मं मीठ जाणं ही साधी गोष्ट नाही.

आता दाटपणा येतो कुठून ते समजून घेऊ, म्हणजे कृती पाठ करायची गरज उरणार नाही. बटाट्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून सूप दाट होतं. भाजी पूर्ण मऊ शिजवून बारीक वाटली की जिभेला कण लागत नाहीत, म्हणून गुळगुळीतपणा येतो. आणि थोडी चरबी, म्हणजे लोणी, साय, काजू यांपैकी काहीतरी, जिभेवर पसरते. या तीन गोष्टी जुळल्या की तोंडाला ते मलईदार लागतं. गाजराच्या बाबतीत ही चरबी चवीपुरतीच नाही. गाजरातलं ज्या द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं, ते थोड्या तेला-तुपासोबत जास्त चांगलं शोषलं जातं.

पाच वाट्या सूपसाठी दोन मध्यम गाजरं, फ्लॉवरचा लहान गड्डा असेल तर त्याचा अर्धा भाग, एक मध्यम बटाटा, मूठभर मटार, एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या आणि आल्याचा छोटा तुकडा घ्या. एक मोठा चमचा लोणी किंवा तूप, एक कप दूध, दोन चमचे घरची साय, एक लहान सपाट चमचा मीठ, आणि मिरी. हे मीठ साधारण 5 ग्रॅम भरतं, म्हणजे वाटीला 1 ग्रॅम. वरच्या हिशोबाशी ताडून बघा.

पातेल्यात लोणी मंद आचेवर वितळवून कांदा, लसूण, आलं परता. इथे आपला हात आवरायचा आहे. आपल्या घरात कांदा कढईत पडला की तो लाल होईपर्यंत चैन पडत नाही. बिर्याणीला बिरिस्ता हवाच, पण या सूपला तो चालत नाही. कांदा फक्त मऊ आणि पारदर्शक व्हायला हवा. तो लाल झाला तर सूपचा रंग मातकट होतो आणि चव सालनकडे झुकते. हळद, धणेपूड, गरम मसाला यांनाही आज सुट्टी. मग चिरलेल्या भाज्या टाकून दोन-तीन मिनिटं परता आणि भाज्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला. कुकरमध्ये दोन शिट्ट्या पुरतात. पातेल्यात झाकण ठेवून वीस मिनिटं लागतील. सुरी लावली की गाजर लोण्यासारखं कापलं गेलं पाहिजे. कच्चट राहिलेली भाजी मिक्सरमध्ये कितीही फिरवली तरी कणीदारच राहते. शिजवलेलं पाणी फेकू नका, भाजीतलं बरंच काही त्यात उतरलेलं असतं. पाणी कमी वाटलं तर नंतर वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही.

यानंतरची पायरी घाईची नाही, आणि इथेच अपघात होतात. उकळती भाजी मिक्सरच्या भांड्यात भरून झाकण घट्ट लावलं आणि बटण फिरवलं की आत एकदम वाफ कोंडते, झाकण उडतं आणि गरम लगदा हातावर-तोंडावर येतो. घरात लहान मुलं ओट्याजवळ घुटमळत असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून भाजी पंधरा-वीस मिनिटं कोमट होऊ द्या, भांडं अर्ध्यापेक्षा कमी भरा, झाकणावर जाड फडकं धरा आणि थांबून थांबून फिरवा. बटाटा असल्यामुळे फार वेळही फिरवू नका, नाहीतर सूप चिकट होतं. लाइट गेली असेल तर अडायचं कारण नाही. डाळ घोटायची रवी असते, आणि पुरणयंत्र असेल तर फारच उत्तम. आपल्या घरात ते नसलं तरी शेजारच्या काकूंकडे हमखास मिळतं, आणि त्यातून काढलेलं सूप मिक्सरच्या तोडीचं होतं.

वाटलेलं सूप परत पातेल्यात घेऊन हवं तेवढं पाणी घाला आणि एक उकळी येऊ द्या. दूध सगळ्यात शेवटी. आच मंद करून कोमट दूध हळूहळू ओतत ढवळा, साय फेटून घाला आणि खळखळ उकळू देऊ नका. ज्या सूपमध्ये टोमॅटो आहे तिथे हे फार जपावं लागतं, कारण आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दुधातली प्रथिनं गोळा होतात आणि दूध फाटतं. आमचं मत विचाराल तर टोमॅटोच्या सूपला दूध नकोच, त्याला काजू जास्त मानवतात.

दूध चालत नसेल किंवा महाग पडत असेल तर आपल्या स्वयंपाकघरात जुनी उत्तरं तयार आहेत. आठ-दहा काजू किंवा एक मोठा चमचा मगज गरम पाण्यात भिजवून भाजीबरोबर वाटा. आपल्या आजी-नानींनी कुर्म्याचा रस्सा याच मगजाने दाट केला आहे. त्याहून स्वस्त हवं असेल तर दोन मोठे चमचे मसूर डाळ भाजीसोबतच शिजवा. दाटपणाही येतो आणि थोडी प्रथिनंही पोटात जातात. आखातात नोकरी करून आलेल्यांना मसुरीचा शोरबा सांगायला नको. जिरेपूड आणि वरून लिंबू पिळलेलं ते सूप तिकडे इफ्तारच्या दस्तरखानवर नेहमीचंच.

दुधी घालायचा असेल तर वेगळं सांगावं लागेल. दुधी हुजूर पैगंबरांच्या आवडीचा होता हे हदीसमध्ये आलेलं आहे, त्यामुळे आपल्या घरांत त्याला मान आहे, आणि सूप त्याचं छानच होतं. पण चिरल्यावर एक छोटासा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. हा कडवटपणा शिजवून जात नाही, आणि कडू दुधीने जोराच्या उलट्या, जुलाब, प्रसंगी रक्तस्रावापर्यंत वेळ येऊ शकते. पैसे वाया गेले म्हणून साखर-मीठ घालून तो खपवू नका.

घरातल्या सगळ्यांना एकच पातेलं लागू पडत नाही. साखरेचा त्रास असणाऱ्यांसाठी बटाटा वगळा आणि फ्लॉवर दुप्पट करा. फ्लॉवर नीट शिजला की स्टार्चशिवायही आश्चर्य वाटावं इतका मलईदार होतो. सहा महिन्यांवरच्या बाळाचा वाटा मीठ-मिरी घालण्याआधी बाजूला काढा. ज्यांच्या किडनीचा आजार सुरू आहे, त्यांना मात्र भाज्यांचं सूप ‘हलकं आहे’ म्हणून आपल्या मनाने देऊ नका. भाजीतलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. अशा रुग्णांना अनेकदा भाजी उकळून पाणी फेकून द्यायला सांगितलेलं असतं, आणि सूपमध्ये तर आपण तेच पाणी पाजतो. डॉक्टरांना विचारूनच द्या. गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांच्या बाबतीतही सूप किती दाट असावं ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, आणि 2030 मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षं इफ्तार थंडीतच आहे. दिवसभराच्या रोजानंतर तळलेल्या भज्यांआधी खजूर आणि अर्धी वाटी गरम सूप पोटाला बरं पडतं. त्यासाठी रोज चार वाजल्यापासून खपायची गरज नाही. दूध न घातलेला वाटलेला लगदा एकदम दोन दिवसांचा करून ठेवता येतो. फक्त ‘थंडीच तर आहे’ म्हणून पातेलं रात्रभर ओट्यावर सोडू नका, कारण आपल्याकडची थंडी फ्रीजइतकी नसते. पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच लगदा काढून खळखळून उकळा, मग आच कमी करून दूध घाला. मगरिबची अजान व्हायच्या आत हे पंधरा मिनिटांत होतं.