बेडकाला हात न लावता

आंबोलीचा धबधबा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. बेळगावहून सकाळी निघायचं, भिजायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि अंधाराच्या आत घरी. बेडूक मात्र अंधार पडल्यावरच बाहेर येतात, म्हणून त्यांची आपली गाठ पडत नाही.

मी पावसाळ्यातल्या काही शनिवारी रात्री तिथे कॅमेरा घेऊन असतो. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, "वीकेंडला काय केलंस?" तर "बेडूक पाहिले" एवढंच सांगतो. पुढचा प्रश्न येत नाही.

आंबोली टोड हा अंगठ्याएवढा जीव. वरून पाहिलं तर मातकट. रंग आहे तो कुशीवर, वाघासारखे पिवळे पट्टे. २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्यात 'टायग्रिना' आलं ते त्यामुळेच. मलबार ग्लायडिंग फ्रॉगचंही तसंच. पाठ हिरवीगार, पण बोटांमधले शेंदरी पडदे तो बसला की मिटून घेतो.

त्यामुळे रंग टिपायचा तर एक सोपा रस्ता असतो: बेडूक उचलून छानशा पानावर ठेवायचा, नाहीतर काडीने डिवचून उडी मारायला लावायची. वाहवा मिळवणारे बरेच फोटो असेच काढलेले असतात. मला ते पटत नाही. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो आणि पाणीही कातडीतूनच शोषतो. आपण हाताला चोपडलेलं डासांचं क्रीम त्याच्या अंगात जाऊ शकतं.

दुसरा रस्ता म्हणजे आपणच खाली जायचं. कोपरं चिखलात, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. कुशीवरचे पट्टे तिथूनच दिसतात. मी १०० एमएमची मॅक्रो लेन्स वापरतो. इतक्या जवळून जेमतेम काही मिलिमीटरच स्पष्ट येतं; डोळा नीट आला तर पाय धूसर. म्हणून अ‍ॅपर्चर एफ ११ पर्यंत बारीक करायचं, मग उजेड कमी पडतो, मग फ्लॅश. ओल्या कातडीवर फ्लॅशचा पांढरा डाग उमटतो. त्यावर उपाय आईच्या स्वयंपाकघरातला: फ्लॅशवर ताणून लावलेला बटर पेपर. चार-पाच फोटो झाले की दिवा बंद करून बाजूला व्हायचं.

खरी काळजी पायांची. हा टोड पहिल्या पावसात जांभ्याच्या सड्यावर, बोटभर पाण्याच्या डबक्यांत अंडी घालतो. आपला एक बूट पडला की अख्खं डबकं गेलं. आणि तो आढळतो फक्त आंबोलीच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यात. अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय मी सड्यावर पाऊल टाकत नाही, आणि फोटो ग्रुपवर टाकताना लोकेशन काढून टाकतो. आंबोली म्हणतो, कुठला सडा, ते सांगत नाही.

यंदा आठवीतला भाचा बरोबर येणार आहे. कॅमेरा नको, टॉर्च, रेनकोट आणि जुनी पँट आण, असं त्याला सांगून ठेवलंय.