किल्ली शेजारी असावी

बँकेत असताना आयुष्यभर किल्ल्या सांभाळल्या. स्ट्राँगरूम एकट्याने उघडायची नाही; एक किल्ली माझ्याकडे, दुसरी रोखपालाकडे. शिवाय डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत जमा. तरुणपणी हा नुसता सोपस्कार वाटे. त्याचा अर्थ कळला तो निवृत्तीनंतर, कपिलधारेच्या डोंगरात.

३० ऑक्टोबर २०२३, सोमवार. मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी आम्ही उभयता बीडहून कपिलधारेला गेलो होतो. एक रात्र राहून परतायचा बेत. पण त्या दिवशी आरक्षणाच्या आंदोलनात माजलगाव आणि बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, पाठोपाठ इंटरनेटही बंद करण्यात आले. आमचा मुक्काम लांबला.

घरी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई. तिला अंथरुणावरून उठता येत नाही. तिचे करणाऱ्या मावशी आमच्या गल्लीतल्याच. रात्री तिच्या सोबतीला झोपत, सकाळी घरी जाऊन दुपारी पुन्हा येत. दाराला मुलाने स्मार्ट कुलूप बसवलेले. मावशींनी त्याला फोन केला, की तो पुण्यात बसून दार उघडी. मला त्याचे केवढे कौतुक!

त्या दुपारी मावशींचा फोन आला. "साहेब, दार उघडंना. दादा तिकडून कळ दाबतेत, पण काय बी होईना. म्हातारी आतून हाका मारायली."

मुलाला फोन लावला. तेव्हा कळले, की त्याचा हुकूम थेट दाराकडे जातच नाही. तो आधी कंपनीच्या संगणकाकडे जातो, तिथून आमच्या घरातल्या सिमकार्डवर चालणाऱ्या वायफायच्या पेटीत आणि मग कुलपात. मधला दुवा तुटला, की हुकूम वाटेतच राहतो. कुलूप मात्र जिवंत असते. ते सेलवर चालते; बोटांचे ठसे आणि आकडे त्याच्या स्वतःच्या स्मरणात असतात. त्यांना इंटरनेट लागत नाही.

म्हणजे माझे सहा आकडे चालणार होते. पण मावशींना आकडे द्यायचे नाहीत, हे आम्हीच ठरवलेले! मावशींवर आई सोपवली होती, आकडे नव्हते. मी फोनवर एकेक आकडा सांगितला. चौथा चुकला. पुन्हा सांगितला. दार उघडल्याचा आवाज फोनमधून ऐकू आला, तेव्हा सौभाग्यवतींनी समाधीच्या दिशेने हात जोडले.

हे आमच्यासारख्यांचेच होते असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची यंत्रणा काही तास कोलमडली, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांचीच ओळखपत्रे कार्यालयांची दारे उघडेनात, अशा बातम्या होत्या.

परतल्यावर मावशींचे बोट कुलपाला दाखवले. भांडी घासून रेषा झिजलेल्या. यंत्र काही ओळखेना. मग त्यांना स्वतंत्र आकडे दिले. सेल बदलायची तारीख कॅलेंडरवर लिहिली. काही कुलपांना सेल संपल्यावर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवता येते; आमच्याला साधी किल्लीही आहे. ती इतके दिवस कपाटात, म्हणजे कुलूपबंद घरातच होती!

आता ती शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यात, सीलबंद पाकिटात आहे. बँकेची सवय, दुसरे काय!