दर आठव्या सोमवारी सलाईन

सकाळचे पावणेआठ. सगळं पुणं हिंजवडीच्या दिशेने पळतंय आणि मी आईबरोबर रिक्षात, उलट्या दिशेला. सॅकमध्ये शाल, मोजे, चार्जर, पोळी-भाजीचा डबा. मांडीवर थर्माकोलचा बॉक्स. रिक्षावाले काका आरशातून बघत विचारतात, "मासे का मॅडम?"

मासे नाहीत हो काका. बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या तीन इवल्याशा बाटल्या आहेत. इन्फ्लिक्सिमॅब नावाचं औषध, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायचं. त्यामुळे सिग्नलला रिक्षा थांबली की आई बॉक्सवर पदर धरते. त्याने काय होणार, हे मी विचारायचं सोडून दिलंय.

माझ्या दुखण्याचं नाव क्रोन्स. डॉ. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. फंडा असा की शरीराची संरक्षणाची फौज स्वतःच्याच आतड्यावर उलटते. पोटात कळा, जुलाब, ताप, वजन उतरणं. आपल्याकडे यात एक एक्स्ट्रा घोळ आहे. आतड्याचा टीबी अगदी असाच दिसतो, बायोप्सीतही दोघांना वेगळं करणं कठीण जातं. मलाही आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. वजन ५८ वरून ४४ वर आलं तेव्हा ऑफिसमधल्या मुली विचारत होत्या, "कसलं डाएट गं? सॉलिड दिसतेयस!" मी हसून वेळ मारून न्यायचे आणि वॉशरूमच्या सगळ्यात जवळचं डेस्क पकडून बसायचे.

इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठीच पहिली मंजुरी मिळाली. सूज पेटवणारं टीएनएफ नावाचं रसायन ते पकडून निकामी करतं. ही एक अँटिबॉडी आहे आणि तिचा थोडा भाग उंदराचा! (आईचं म्हणणं, बाप्पाचं वाहन आहे, तुला काही होणार नाही.) पहिला डोस, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, आणि त्यापुढे दर आठ आठवड्यांनी. कधीपर्यंत? याचं उत्तर डॉक्टर देत नाहीत, आणि मीही आता विचारत नाही.

डे-केअर वॉर्डात दहा आरामखुर्च्या आहेत. अर्धे लोक केमोचे, कोणी रक्त चढवायला, कोणी लोहाच्या सलाईनसाठी. मनगटाला पट्टा बांधून होतो आणि सिस्टरची प्रश्नपत्रिका सुरू होते. ताप? खोकला? दात दुखतो? लघवीला जळजळ? एक जरी हो आलं तरी डोस पुढे जाऊ शकतो, कारण हे औषध त्या फौजेलाच आवरतं. लपलेला टीबी त्यामुळे डोकं वर काढू शकतो, म्हणून सुरुवातीलाच त्याच्या तपासण्या करून घेतात.

मग वजन. ५८! किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे २९० मिलिग्रॅम, म्हणजे तीन बाटल्या. पावडरीत पाणी सोडून सिस्टर बाटली अलगद गोल फिरवते. ताकासारखं घुसळायचं नाही, फेस होतो. ते सगळं २५० मिलिच्या सलाईनमध्ये. खरी परीक्षा शिरेची. "ताई, मूठ आवळा. अजून." दुसऱ्या टोचणीत सापडली.

यावेळी मात्र माझी फाटली होती. नोकरी बदलली, पॉलिसी बदलली, आणि नव्या विमावाल्यांचा हेका एकच, २४ तास अ‍ॅडमिट नाही तर क्लेम कसला? मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन विमा नियामकांच्या २०१९ च्या नियमांतल्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, हे त्यांना मेलमागून मेल करून पटवेपर्यंत माझ्या दोन तारखा हुकल्या. आठ आठवड्यांचे चोवीस झाले. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: मोठी गॅप पडली की शरीर या औषधाविरुद्धच अँटिबॉडी तयार करू शकतं. मग एक तर ते लागू पडत नाही, नाहीतर रिअ‍ॅक्शन येते.

म्हणून आज आधी अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन, आणि वेग तासाला १० मिलिपासून. दर पंधरा मिनिटांनी बीपी, मग थोडा वेग वाढवायचा. शेजारच्या खुर्चीतले संधिवातवाले सर, साताऱ्याचे निवृत्त शिक्षक, कोडं सोडवत होते. "उभा शब्द, चार अक्षरी..." एवढंच मला ऐकू आलं. कान तापले. मान, चेहरा, सगळं लालबुंद. छातीवर कोणीतरी हात दाबून धरल्यासारखं झालं. आई ओरडायच्या आत सरांनी बेल दाबली होती.

सिस्टरने सलाईन बंद केली, ऑक्सिजन लावला, आणखी एक इंजेक्शन दिलं. डॉक्टर आल्या. वीस मिनिटं नुसतं छत बघत पडून होते. भीती रिअ‍ॅक्शनची नव्हती, खरं सांगते. हे औषध गेलं तर पुढे काय, ही होती. परत ४४ किलो? परत ते डेस्क?

"बीपी पडलेलं नाही, श्वास चांगला आहे. अगदी हळू पुन्हा सुरू करून बघू," डॉक्टर म्हणाल्या. थेंब पुन्हा पडायला लागला. एरवी दोन तासांत संपणारी पिशवी साडेचारला संपली. मधे मी कोमट वरण-भात खाल्ला, सरांना 'चार अक्षरी'चं उत्तर सांगितलं (चुकलं), आणि अ‍ॅव्हिलच्या गुंगीत तासभर झोपले. नंतर तासभर निरीक्षण. पुढच्या डोसआधी रक्त काढून औषधाची पातळी आणि अँटिबॉडी तपासायच्या आहेत. ते कळेपर्यंत अधांतरी.

ऑफिसात आजवर मी या सोमवारांना 'पर्सनल वर्क' म्हणत आले. खुर्चीत बसल्या बसल्या, सुई नसलेल्या हाताने मॅनेजरला मेल टाईप केला. तीन ओळी. आजार काय, औषध काय, तारीख का हलवता येत नाही.

परतीच्या रिक्षात उत्तर आलं: "ओके. वर्षभराच्या तारखा टीमच्या कॅलेंडरवर टाक. काळजी घे."

रिकामा थर्माकोलचा बॉक्स आईच्या मांडीवर होता. मी तारखा टाकत गेले. तिसरी नेमकी रिलीजच्या दिवशी येत होती. तशीच टाकली.