पानं लागत नाहीत, लावावी लागतात

मेंढीकोट हरल्यावर आपलं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘पानंच लागली नाहीत यार!’ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ खेळायला बसलात तर ही सबब अर्धीच चालते. कारण इथे प्रत्येक जण आपला डेक घरून बांधून आणतो. वाईट पानं आली, तर ती त्यात घातली कोणी? तुम्हीच ना?

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाचा हा खेळ 1993 मध्ये आला. तुम्ही जादूगार, समोरचाही जादूगार, दोघांकडे 20 ‘लाइफ’. ‘लँड’ची कार्डं मांडून ‘माना’ ही ऊर्जा मिळवायची, ती खर्चून राक्षस बोलवायचे, मंत्र टाकायचे आणि समोरच्याला शून्यावर आणायचं.

नेहमीच्या प्रकारात डेक किमान 60 कार्डांचा लागतो. बेसिक लँड सोडून एका नावाची जास्तीत जास्त 4 कार्डं. साठाच्या वर किती, याला बंधन नाही आणि नवशिक्यांची दांडी नेमकी इथेच गुल होते. आवडलं ते कार्ड कोंबलं! माझा पहिला डेक 80 कार्डांचा होता. दिसायला भारी, खेळायला भंगार. आता अकरावीचं ते ‘एनसीआर’ आठवा, जे आयुष्यात कुठे वापरणार म्हणून आपण कुरकुरायचो. एका कार्डाच्या 4 प्रती असतील तर सुरुवातीच्या 7 पानांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता 60च्या डेकमध्ये सुमारे 40 टक्के असते, 80च्या डेकमध्ये 31. म्हणजे प्रत्येक जास्तीचं कार्ड तुमच्या चांगल्या कार्डाला मागे ढकलतं.

लँडचंही तसंच. साठात 24 ठेवल्या तर पहिल्या सातात सरासरी 2.8 येतात. झटपट मारणाऱ्या डेकला 20-22 पुरतात, महागडी कार्डं असतील तर जास्त लागतात. कमी पडल्या की हातात ड्रॅगन घेऊन नुसतं बघत बसायचं.

स्वस्त कार्डांना हसू नका, हे 1996 मध्ये अटलांटात दिसलं. पॉल स्लाय एका पात्रता स्पर्धेत लाल रंगाचा डेक घेऊन उतरला. त्यात ‘आयर्नक्लॉ ऑर्क्स’सारखी, लोक नाक मुरडायचे अशी कार्डं होती. तो दुसरा आला! युक्ती एवढीच की पहिल्या वळणापासून प्रत्येक वळणाला हाताशी असलेला सगळा ‘माना’ वापरला जाईल, अशा किमतींची कार्डं निवडलेली. ‘माना कर्व्ह’ म्हणतात तो हाच. (डोकं खरं जे श्नायडरचं, पण डेकला नाव पडलं ‘स्लाय’. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे नवीन नसावं.)

पैशांचं काय? कार्डं महाग आहेत, खोटं कशाला बोला. पण मित्रांत खेळताना कागदाच्या चिठ्ठीवर कार्डाचं नाव लिहून स्लीव्हमध्ये सरकवा, चालतं. अधिकृत स्पर्धेत मात्र चालत नाही. नाहीतर ‘मॅजिक अरीना’ फुकट सुरू करता येतं.

डेक बांधलात की लगेच नवी कार्डं घेऊ नका. आधी वीस डाव खेळा. प्रत्येक डावानंतर हातात अडकून राहिलेल्या कार्डाचं नाव वहीत लिहा. तेच नाव पुन्हा पुन्हा दिसलं की ते काढा, कितीही लाडकं असलं तरी. माझा सात ‘माना’चा ड्रॅगन असाच गेला. पाकिटात असतो हल्ली, कॉलेजच्या आयडीमागे.